नाणं वाया कसं घालवावं: पडेल आर्केड गेमची नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

पात्रता

सदर अभ्यासक्रमाला वयाची किंवा शिक्षणाची अट नाही. दोन हात मात्र असावेत. पहिल्याच धड्यात दोन्ही लागतील. पॅक-मॅन, स्पेस इन्व्हेडर्स, डाँकी काँग यांपैकी कशात प्रावीण्य असेल तर ते चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवावं. ते गेम सगळ्यांना येतात, आणि सगळ्यांना जे येतं ते येण्यासाठी कुणी मार्गदर्शिका वाचत नाही.

नव्वदच्या दशकात क्लास बुडवून पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ खेळलेल्यांसाठी वेगळी सूचना. त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. कॅपकॉमने तो १९९३ साली काढला, आणि त्यातल्या चार नायकांपैकी एकाचं नाव आपल्याकडे अख्ख्या गेमला चिकटलं. ज्या गेमला लोक प्रेमाने चुकीच्या नावाने हाक मारतात तो लोकप्रिय असतो, म्हणून आमच्या अभ्यासक्रमाबाहेर. मात्र दुसऱ्याच्या खांद्यावरून वाकून फुकट बघत उभं राहायची जी सवय तिथे लागली ती मोडू नका. या विषयात तिचा उपयोग पदवीपेक्षा जास्त आहे.

मूळ तत्त्व

आधी धंद्याचं गणित. पेटीच्या मालकाला वाटतं, गिऱ्हाईक दोन-तीन मिनिटांत हरावं आणि मागच्याला जागा व्हावी. गिऱ्हाइकाला वाटतं, एका नाण्यात दुपार निघावी. अमेरिकेत हे नाणं पाव डॉलरचं, जपानात शंभर येनचं. गेम बनवणाऱ्याने या दोघांच्या मध्ये उभं राहून माणसाला हरवायचं, पण असं की हरलेला माणूस म्हणेल, ‘चूक माझी होती, आता कळलं, आता बघतोच.’ आणि पुन्हा खिशात हात घालेल. हे ज्याला साधलं तो गेम गाजला. जिथे काय चाललंय हे कळायच्या आत माणूस मेला आणि ‘पेटी बिघडलीये’ म्हणत शेजारच्या पेटीकडे सरकला, तो गेम पडला. खेळ म्हणून दोहोंत डावं-उजवं असेलच असं नाही. फरक पहिल्या मिनिटाचा. ही मार्गदर्शिका त्या पहिल्या मिनिटापुरती आहे. पुढचं पेटी शिकवते.

पुराव्यादाखल या धंद्याचा अगदी पहिला पडेल गेम घ्या. १९७१ साली नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी ‘कॉम्प्युटर स्पेस’ बनवला आणि नटिंग असोसिएट्स या कंपनीने तो बाजारात आणला. नाणं टाकून खेळायचा, कारखान्यात तयार होऊन विकला गेलेला हा पहिला व्हिडिओ गेम. पेटी फायबरग्लासची, गोलाईदार, बघत राहावं अशी. ‘सॉयलंट ग्रीन’ या १९७३ च्या चित्रपटात श्रीमंताच्या दिवाणखान्यात उभं राहायचं काम तिला मिळालं, यावरून रूपाची कल्पना यावी. खेळायला मात्र बटणं चार: डावीकडे वळा, उजवीकडे वळा, रेटा द्या, गोळी झाडा. रेटा दिला की यान निघतं आणि बटण सोडलं तरी थांबत नाही, कारण अवकाशात घर्षण नसतं. बिअर प्यायला आलेल्या माणसाला पाव डॉलरात न्यूटनचा पहिला नियम शिकवायचा हा उद्योग होता. बिअरवाल्यांनी नम्रपणे नकार दिला.

पुढच्याच वर्षी बुशनेल आणि डॅबनी यांच्या नव्या कंपनीने, अटारीने, ‘पाँग’ काढला. तो ॲलन अल्कॉर्नने बनवला होता. खेळण्याच्या सूचनेचा मथितार्थ इतकाच: चेंडू चुकवू नका, गुण वाढतील. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावी अँडी कॅप्स टॅव्हर्नमध्ये ठेवलेली पहिली पेटी थोड्याच दिवसांत बंद पडली. तपासायला गेले तर नाण्यांचा डबा काठोकाठ भरून आत जागा उरली नव्हती. लोकप्रियतेची याहून चांगली व्याख्या आमच्या पाहण्यात नाही. तरीही विद्यार्थ्याने पाँग खेळू नये. कॉम्प्युटर स्पेस खेळावा, भिरभिरत निघून जाणाऱ्या यानाकडे बघावं, आणि बिअरवाल्यांना जे समजलं नाही ते आपल्याला समजलं याचं समाधान मानावं. (समजलं नसेल तरी मानावं.)

साहित्य

मूळ पेटी घरी आणायचा विचार सोडा. ती लिफ्टमध्ये मावत नाही आणि घरच्यांना पटत नाही. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने १९९७ साली ‘मेम’ नावाचं सॉफ्टवेअर सुरू केलं. जुन्या पेट्यांतल्या सर्किटची नक्कल करून ते मूळ गेम जसेच्या तसे चालवतं. गेम स्वतः आणायचे असतात, आणि त्यांचे हक्क अजून कुणाकुणाकडे आहेत हेही ध्यानात ठेवायचं असतं. तेवढाही खटाटोप नको असेल तर इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने २०१४ पासून शेकडो आर्केड गेम ब्राउझरमध्येच खेळायला ठेवलेत.

अडचण कीबोर्डची आहे. ज्या गेमबद्दल आपण बोलणार आहोत त्यांपैकी अर्धे पडले तेच मुळी त्यांची दांडी, गोळा किंवा चक्र जगावेगळं होतं म्हणून, आणि तेच कीबोर्डवर नाहीसं होतं. म्हणून जमेल तेव्हा खरी पेटी गाठावी. शिकागोजवळ ब्रुकफिल्डला ‘गॅलपिंग घोस्ट’ नावाचं प्रचंड आर्केड आहे. न्यू हॅम्पशरमध्ये लेकोनियाला ‘फनस्पॉट’मध्ये जुन्या आर्केड गेमचं संग्रहालयच आहे. शिकागोकडे भाची राहत असेल तर तिला या वेळी डाऊनटाऊन दाखवू नकोस म्हणून आधीच सांगून ठेवा. गॅलपिंग घोस्टमध्ये दारातच एकदा पैसे भरायचे, मग आत नाणं लागत नाही. सोयीचं आहे, पण शास्त्रशुद्ध नाही. नाणं जाण्याचं दुःख नसेल तर पहिलं मिनिट नीट दुखत नाही. उजव्या खिशात एक नाणं ठेवावं आणि मेल्यावर ते डाव्या खिशात टाकावं.

पहिला धडा: चढणे

गेम: ‘क्रेझी क्लाइंबर’, निचिबुत्सू, जपान, १९८०. बटण एकही नाही. दोन दांड्या, एक डाव्या हाताची, एक उजव्या हाताची. समोर गगनचुंबी इमारत आणि तिच्या पायथ्याशी तुम्ही, दोरीशिवाय.

कृती: डावी दांडी वर ढकला, तुमचा डावा हात वरची चौकट धरतो. खाली ओढा, अंग वर उचललं जातं. मग उजवी. मग डावी. सांगायला सोपं आहे. नवशिका पहिल्या वेळी दोन्ही दांड्या एकदम वर करतो आणि इमारतीला शरण आल्यासारखा तसाच लटकून राहतो. घाबरू नका, सगळे लटकतात. ताल हाताला कळला पाहिजे, डोक्याला कळून उपयोग नाही. दहीहंडीचा अनुभव असेल तर तोही इथे कामाचा नाही, कारण खाली झेलायला कुणी नाही आणि वरच्या मजल्यावरचे रहिवासी पाण्याऐवजी कुंड्या टाकतात.

रहिवाशांबद्दल थोडं. खिडक्या उघडतात आणि मिटतात. मिटणाऱ्या खिडकीत तुमची बोटं असली तर तो तुमचा प्रश्न. कुंड्यांतून वाचलात तर वर एक गिधाडासारखा पक्षी येतो आणि अंडी टाकतो. अंड्यांखेरीज पक्षी जे टाकतात तेही टाकतो. त्याहून वर एक अवाढव्य गोरिला इमारतीच्या अंगाला बिलगून हात चालवत बसलेला असतो. डाँकी काँगमधला प्रसिद्ध गोरिला आला १९८१ मध्ये. हा त्याआधीचा, हे ध्यानात ठेवा आणि योग्य जागी बोलून दाखवा. जपानी आवृत्तीत तुम्ही फार वेळ एकाच जागी थबकलात तर पेटी ‘गांबारे’ म्हणून ओरडते, म्हणजे हिंमत धर, लाग कामाला. १९८० मध्ये पेटीने माणसाशी बोलणं हेच मोठं होतं, आणि ही तर काळजीने बोलायची. वर पोचलात तर गच्चीवर हेलिकॉप्टर येतं. त्याला लटकायचं, आणि मग तेच सगळं पुढच्या इमारतीवर.

जपानात याला चाहते मिळाले. बाहेर, दोन दांड्या आणि शून्य बटणं बघून माणसं क्षणभर थांबायची आणि जिथे एक दांडी असेल तिकडे जायची. आमच्या मते संपूर्ण अभ्यासक्रमातला हा सर्वांत थोर पहिल्या मिनिटाचा गेम आहे: तुम्ही पडता, आणि तुमच्याच हातांनी पडता. कीबोर्डवर खेळल्यास आठ कळा लागतात आणि थोरपणाचा अंदाज येत नाही.

दुसरा धडा: दार उघडणे

तुमच्यापैकी अनेकांनी हा धडा नकळत पूर्ण केलेला असेल. नव्वदच्या दशकात आपल्याकडे जो ‘टीव्ही गेम’ मिळायचा, त्याच्या शेकडो गेम आहेत असं छापलेल्या पिवळ्या-लाल कॅसेटींमध्ये एक उंदीर-मांजराचा गेम असायचा. घरात मजले, मजल्यांवर दारं, बाजूला उड्या मारायच्या जाळ्या. तो ‘मॅपी’: नामकोने १९८३ साली आर्केडसाठी बनवलेला. आपण तो मारिओ आणि काँट्रा यांच्या मधला वेळ काढायला खेळलो, आणि नाव विचारायचं राहून गेलं.

मॅपी हा पोलीस आहे आणि मांजरांनी चोरलेला माल परत आणतोय. उंदीर पोलीस, मांजर चोर. नोबुयुकी ओहनोगीचं संगीत असं आहे की चौकशी चालू आहे की लग्न, हे कळू नये. चोरीच्या मालाचे भाव याप्रमाणे: रेडिओ कॅसेट प्लेअर १०० गुण, टीव्ही २००, कॉम्प्युटर ३००, मोनालिसाचं चित्र ४००, तिजोरी ५००. १९८३ मधल्या बाजारभावाचा अभ्यास करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. तिजोरीत काय होतं ते कुठे सांगितलेलं नाही.

नवशिक्याचा गैरसमज असा की बटण उडीसाठी आहे. बटण दारासाठी आहे. तुम्ही ज्या दिशेला तोंड करून आहात त्या दिशेचं जवळचं दार उघडतं, आणि उघडणाऱ्या दाराच्या तडाख्यात मांजर सापडलं की ते आडवं होतं. लुकलुकणारं खास दार असेल तर त्यातून लहरी निघतात आणि समोरची सगळी मांजरं वाहून जातात. जाळीवर हवेत असताना मांजर तुम्हाला काही करू शकत नाही. म्हणून नवशिका जाळीवरच मुक्काम करतो. तेवढ्यासाठी जाळीचा रंग दर उडीला बदलतो आणि सलग फार उड्या मारल्या तर ती फाटते. सुरक्षित जागा आहे, पण राहायला नाही: हा एवढा एक नियम पहिल्या मिनिटात कळला की बाकी घर तुमचं.

तिसरा धडा

‘ग्रॅव्हिटार’, अटारी, १९८२. वगळावा.

ज्यांना वगळायचं कारण हवं त्यांच्यासाठी: यात कॉम्प्युटर स्पेसचं न थांबणारं यान आहे, शिवाय प्रत्येक ग्रह तुम्हाला आपल्याकडे ओढतो, शिवाय जमिनीवरून गोळ्या येतात, शिवाय इंधन संपतं. बटणं पाच. पहिलं मिनिट साधारण वीस सेकंदांत आटोपतं. गेम सुंदर आहे आणि लोकांनी तो टाळला, हे दोन्ही बरोबर. पेट्या इतक्या पडून राहिल्या की त्यांचंच रूपांतर ‘ब्लॅक विडो’ या दुसऱ्या गेममध्ये करता येईल असा संच अटारीने काढला. एका दांडीने कोळीण चालवायची, दुसरीने गोळ्या झाडायच्या, जाळ्यात शिरलेले किडे संपवायचे. तो बरा आहे, खेळा. खेळताना त्या पेटीत आधी कोण राहायचं याची आठवण ठेवायची सक्ती नाही.

चौथा धडा: सिंक घासणे

हा धडा घरून परवानगी घेऊन करावा, कारण आत खरं सिंक वाट बघत असताना टेबलावर बसून खोटं सिंक घासणाऱ्या माणसाकडे घरचे कोणत्या नजरेने बघतील हे आम्ही सांगायला नको.

‘बबल्स’, विल्यम्स, १९८२. याच कंपनीने ‘डिफेंडर’ आणि ‘रोबोट्रॉन’ काढले, म्हणजे अवकाश, स्फोट, मानवजातीचा अंत. मग त्यांनी स्वयंपाकघरातलं सिंक घेतलं. तुम्ही साबणाचा बुडबुडा आहात. मुंग्या, खरकटं आणि तेलाचे डाग यांच्यावरून फिरायचं, ते गिळायचे आणि मोठं व्हायचं. पुरेसे मोठे झालात की तुम्हाला आधी डोळे येतात, मग हसरं तोंड. तोंड येईपर्यंत मधल्या भोकापासून लांब राहायचं. लहानपणी तिकडे गेलात तर वाहून जाल. पूर्ण चेहरा आल्यावर मात्र तेच भोक पुढच्या सिंकचा रस्ता होतं.

आता खरी गंमत. सिंकमध्ये स्पंज आणि ब्रश आपापले फिरत असतात आणि तेही सफाई करतात. नवशिक्याला वाटतं, छान, काम वाटून झालं. चूक. ते जितकं घासतील तितकं तुमच्या वाट्याचं कमी, आणि सगळं सिंक स्वच्छ झालं तेव्हा तुमचा चेहरा पूर्ण नसेल तर एक लाइफ गेली. दुसऱ्याने काम केल्यामुळे आपण बुडणं हा अनुभव सरकारी कचेरीत आणि सामाईक स्वयंपाकघरात येतो, पण गेममध्ये आणायला धाडस लागतं. छोटेपणी स्पंजला धक्का लागला तर फुटाल. चेहरा आल्यावर त्यालाच ढकलून भोकात घालता येतं, त्याचे जादा गुण. पडून राहिलेलं ब्लेड कधीही, कुणालाही घातक. झुरळ भोकातून वर येतं. मध्येच एक मोलकरीण येते. तिच्यावरून गेलात की झाडू मिळतो, आणि झाडू हातात असेपर्यंत झुरळाची भीती नाही. बुडबुड्याला हात कुठून आले हे विचारू नये.

हा गेम का पडला असावा? आमचा अंदाज: पार्लरमध्ये पोरं मित्रांसमोर उभी राहून खेळायची, आणि ‘मी आकाशगंगा वाचवली’ असं सांगता येतं, ‘मी सिंक घासलं’ असं सांगता येत नाही. पहिलं मिनिट उत्तम असूनही लाजेने मेलेला हा आमच्या माहितीतला एकमेव गेम.

जोडीने करायचे प्रयोग

एक मित्र आणा. टिम स्केली या डिझायनरने केलेला ‘रिप ऑफ’ (सिनेमाट्रॉनिक्स, १९८०) लावा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेषा, मध्ये इंधनाचे आठ डबे, आणि ते ओढून न्यायला येणारे दरोडेखोर. तुमचा रणगाडा कितीही वेळा मरो, पुन्हा मिळतो. आठही डबे गेले की खेळ संपला. दोघांनी एकाच बाजूने लढायचं, ही कल्पना तेव्हा नवी होती. एरवी दुसरा माणूस म्हणजे शत्रू किंवा मागे रांगेत उभा असलेला. मरण फुकट आणि माल महाग, यामुळे भांडण आपोआप ‘तू कुठे होतास’ या विषयावर येतं, तिथून पुढे मार्गदर्शनाची गरज नाही. भांडण फारच वाढलं तर स्केलीचाच १९७९ चा ‘वॉरियर’ आहे: वरून दिसणारे दोन योद्धे, दोन तलवारी, मध्ये दोन खड्डे.

तत्त्वाला अपवाद

एमआयटीचं शिक्षण अर्धवट सोडलेल्या काही मुलांनी जनरल कॉम्प्युटर नावाची कंपनी काढली. लोकांना सवयीच्या झालेल्या पेट्यांना अवघड करणारे जादा संच ती विकायची. १९८१ मध्ये त्यांनी अटारीच्या ‘मिसाइल कमांड’साठी असा एक संच काढला, अटारीने खटला भरला, खटला मिटला, आणि मिटला तो असा की या मुलांनी आता अटारीसाठीच गेम बनवावेत. दरम्यान पॅक-मॅनसाठी त्यांनी केलेला संच मिडवेकडे गेला आणि १९८२ मध्ये ‘मिस पॅक-मॅन’ म्हणून गाजला. मिस पॅक-मॅनचं पहिलं मिनिट लोक पॅक-मॅनवर आधीच शिकून आले होते. आमचं तत्त्व इथे डौलाने उभं राहतं.

आणि लगेच बसतं. कारण त्याच मंडळींनी अटारीसाठी ‘फूड फाइट’ (१९८३) केला. चार्ली चक नावाचा मुलगा पडद्याच्या एका टोकाला, दुसऱ्या टोकाला आइस्क्रीमचा कोन, कोन वितळतोय. मध्ये भोकांतून चार आचारी बाहेर येतात आणि जमिनीवर पसरलेले टोमॅटो, वाटाणे, केळी आणि ‘पाय’ नावाचे बेकरीचे पदार्थ फेकून मारतात. तुम्हीही फेकायचं. कलिंगडाचा ढीग सापडला तर दारूगोळा संपत नाही. कोन वितळायच्या आत खाल्ला की जिंकलात. हे समजायला मिनिट कशाला, एक श्वास पुरतो. अगदी थोडक्यात निसटून कोन गाठलात तर पेटी स्वतःहून, बॅनर लावून आणि संगीत वाजवून, तुमचा पराक्रम पुन्हा दाखवते. क्रिकेटचा रिप्ले बघत बघत मोठ्या झालेल्या आपल्या लोकांना याचं सुख वेगळं सांगायला नको. तरी गाजला नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा सगळा बाजारच कोसळत होता, आणि रिकाम्या पार्लरमध्ये पहिलं मिनिट चांगलं असून भागत नाही. विद्यार्थ्याने अपवाद पाठ करावा. परीक्षेत तोच येतो.

पाचवा धडा: उडी न मारणे

‘आय, रोबॉट’, अटारी, १९८४. डेव्ह थ्यूरर. ज्याने ‘मिसाइल कमांड’ आणि ‘टेम्पेस्ट’ केले तोच. रंग भरलेल्या पृष्ठभागांची खरीखुरी त्रिमित दुनिया दाखवणारा हा बाजारात आलेला पहिला आर्केड गेम. पेट्या फार तर दीड हजार झाल्या असतील.

तुम्ही बंड केलेला एक यंत्रमानव आहात. तुकड्यातुकड्यांच्या रस्त्यावरून चालायचं; पाय पडेल तो लाल चौकोन निळा होतो. सगळे निळे झाले की पलीकडच्या मोठ्या डोळ्याचं कवच गळतं. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायला उडी लागते, आणि कायदा असा आहे की उडी मारायला मनाई. डोळा उघडा असताना हवेत दिसलात की भस्म. डोळा मिटला की मारा. ऑर्वेलच्या ‘१९८४’ या पुस्तकाचं नाव आणि गेम बाजारात आल्याचं साल एकच आहे, हे इतरांना सांगताना आवाज खाली आणावा.

पहिलं मिनिट. नवशिका नाणं टाकतो. सगळं सुंदर आहे, तिरपं आहे, खोल आहे. तो कडेला जातो, यंत्रमानव आपोआप उडी मारतो, वीज पडते, मेला. पुन्हा जातो. पुन्हा मेला. कशाने मेला हे कळायला डोळ्याकडे बघावं लागतं, आणि १९८४ मधल्या माणसाला सवय होती स्वतःच्या पात्राकडे बघायची. मागची चित्रं ही शोभा. इथे मागचं चित्र तुम्हाला बघत होतं. नाण्यामागे नाणी गेली, माणसं गेली, पेट्या गेल्या. उरलेल्या पेट्या जहाजातून समुद्रात बुडवल्या अशी एक दंतकथा सांगितली जाते. दंतकथा म्हणूनच सांगावी, पण सांगावी. या क्षेत्रात प्रत्येक पडेल गेमला कुणीतरी कुठेतरी बुडवलेलं असावं लागतं.

म्हणून सूचना एकच: पहिल्या नाण्याला पाऊल उचलू नका. उभे राहा आणि डोळा उघडतो-मिटतो ते बघा. मग बटणं दाबून बघण्याचा कोन बदलून पाहा. आपण कुठून बघायचं हे खेळणाऱ्याने ठरवायचं, हेही तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं, आणि अवघड कोनातून खेळणाऱ्याला गुण जास्त मिळतात. आणि उडी जमलीच नाही तर त्याच पेटीत ‘डूडल सिटी’ नावाचा दुसरा पर्याय आहे. तिथे शत्रू नाहीत, गुण नाहीत, हरणं नाही. गेममधले आकार पडद्यावर फिरवायचे आणि रंगांचे फराटे मारत बसायचं. नाण्यामागे दोन-तीन मिनिटांत माणसाला हाकलणं हा ज्या धंद्याचा पाया, त्या धंद्यात कुणीतरी ‘बसा, चित्र काढा’ म्हणालं. धंदा चालला नाही याचं आश्चर्य नाही. तो गेम बाहेर कसा पडू दिला याचं आहे.

चारचौघांत कसं बोलावं

एवढा अभ्यास झाल्यावर विद्यार्थ्याला बोलायची उबळ येते. काही पथ्यं पाळा.

गेम जितका कमी विकला तितका थोर, असा हिशेब मांडू नका. ‘स्पेस पॅनिक’ (युनिव्हर्सल, १९८०) मध्ये डाँकी काँगच्या आधी मजले आणि शिड्या आहेत, हे खरं. पण उडी नाही. खड्डा खणा, राक्षस त्यात पडेपर्यंत थांबा, मग तो बुजवून त्याला खाली पाडा, आणि हे सगळं संथपणे. त्याला इतिहासात मान द्यावा आणि खेळ मिटवावा. लोक कधीकधी बरोबर असतात.

पलीकडचा माणूस फारच जाणकार निघाला आणि तुमच्या प्रत्येक गेमवर त्याच्याकडे आणखी दुर्मिळ गेम निघू लागला, तर शेवटचं पान टाका: ‘गॅलक्सी गेम’. सप्टेंबर १९७१, स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ट्रेसिडर युनियनची इमारत. बिल पिट्स आणि ह्यू टक यांनी पीडीपी-११ हा खरा कॉम्प्युटर जोडून बनवलेला, दहा सेंटला एक डाव. कॉम्प्युटर स्पेसच्याही थोडा आधीचा, आणि जगात फक्त तिथेच. याहून दुर्मिळ काही नाही. मात्र त्याने जर विचारलं की तो पडला का, तर विषय बदला: विद्यार्थी त्याच्याभोवती गर्दी करून उभे असायचे.

अंतिम परीक्षा

‘क्वांटम’, १९८२. पुन्हा जनरल कॉम्प्युटर, अटारीसाठी; डिझाइन बेटी रायनचं. पेट्या सुमारे ५००. अंधारात कण तरंगतायत. पेटीवरचा गोळा (ट्रॅकबॉल) फिरवला की तुमच्या मागे प्रकाशाची रेघ येते. रेघेने कणाभोवती फेरा पूर्ण केला की तो गेला. कणाला चिकटलात तर तुम्ही गेलात. गोळी नाही, बटण नाही, फक्त फेरे. घरी करायचं असेल तर या एका गेमला कॉम्प्युटरचा माउस चालतो, बऱ्यापैकी चालतो.

नवशिका बारीक बारीक फेरे मारतो आणि सुरक्षित राहतो. मोठा फेरा घ्यायला शिका, दोन-तीन कण एकदम आत येतील असा. गुण तिथे आहेत आणि मरणही तिथेच आहे. चांगला स्कोअर झाला की नावाची आद्याक्षरं द्यायची, तीही अक्षराभोवती फेरा मारून. ती अक्षरं रोमन आहेत, त्याला इलाज नाही. पण सर्वांत वरचा स्कोअर झाला तर त्याआधी एक रिकामी चौकट समोर येते, आणि गोळा फिरवून तिथे हाताने सही करायची असते. चौकटीला लिपीची अट नाही. तेव्हा सराव करून जा. गोळ्याने ‘अ’ काढणं अवघड आहे, ‘ण’ त्याहून. जोडाक्षर असलेल्यांनी आडनावाचा मोह टाळावा. शिरोरेषा आधी की नंतर, हे घरूनच ठरवून निघा.